दर फेरीला एक टक

अक्का आल्या त्या जिना चढतानाच भांडत होत्या. समोर कुणी नव्हतं, म्हणून जिन्याशीच. "पायऱ्या आहेत का काय आहे! माणसानं न्याय मागायला यावं की डोंगर चढायला?"

भाऊजींनी दार उघडलं. बाहेर सत्तरी ओलांडलेल्या, रुंद खांद्यांच्या बाई उभ्या होत्या. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. आवाज मात्र असा खर्जातला की आधी भाऊजींना वाटलं, त्यांच्यामागं कुणी पुरुष उभा आहे.

"टाचणी म्हणतात त्या कुठं आहेत?"

"तोंडावर कुणी म्हणत नाही," आतून वहिनी म्हणाल्या. "या, बसा."

'चौकशी व तपास' अशी पाटी लावलेली ती खोली सायकल-दुरुस्तीच्या दुकानावर होती. वहिनी तिथं पंधरा वर्षं बसत होत्या. अंगानं बारीक, बोलण्यात मोजक्या, आणि टोचल्या की कळायचं, म्हणून ते नाव पडलं होतं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून ते इथं चहा करत, दार उघडत आणि, त्यांच्या स्वतःच्या मते, निम्मा तपासही करत.

"बसायला नाही आले मी," असं म्हणत अक्का बसल्या. "माझा आवाज चोरीला गेलाय."

भाऊजींनी वहिनींकडं पाहिलं. वहिनी हसल्या नाहीत. "सुरुवातीपासून सांगा," त्या म्हणाल्या.

अक्का चाळीस वर्षांपूर्वी एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होत्या. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, दिवसाला हजारांनी. एकदा वाफेच्या नळीनं दोघींना भाजलं आणि बायकांनी संप केला. पाच आठवडे. त्या संपात बारा जणींनी एक गाणं म्हटलं. मुख्य आवाज अक्कांचा, मागं अकरा जणी. गाणं बसवलं होतं संगीताच्या एका तरुण मास्तरांनी. कुणीतरी हौसेनं त्याच्या पन्नास रेकॉर्डी काढल्या. त्यातली एकच आता उरली होती, अक्कांच्या ट्रंकेत.

"संप मिटला," अक्का म्हणाल्या, "आणि मालकानं ती रेकॉर्ड ऑफिसात लावून ऐकली. 'हा घोगरा आवाज कुणाचा?' विचारलं. झालं. दुसऱ्या दिवशी माझं कार्ड फाडलं. गावातल्या एकाही लॉन्ड्रीनं पुन्हा उभं केलं नाही. चाळीस वर्षं भांडी घासली मी. आवाजावरून मला काढलं, बाई. आणि आता म्हणतात, तो आवाज माझा नाहीच!"

"कोण म्हणतं?"

"वाचनालय. तिथं जुन्या रेकॉर्डींची खोली काढलीय. मीच नेऊन दिली रेकॉर्ड, म्हटलं कॉम्प्युटरात घाला, पोरांना ऐकू दे. त्यांनी कॉपी केली. तीन जाणकार बोलावले, आधी कॉपी ऐकवली, मग मला गायला लावलं. ते म्हणाले, रेकॉर्डमधली बाई बारीक आवाजाची आहे, तुमचा तर ढोल. मग मास्तरांनी त्यांच्या वारलेल्या बायकोची जुनी कॅसेट आणून दिली. ती म्हणे जुळते. शनिवारी त्या खोलीवर तिच्या नावाची पितळी पाटी लागणार आहे."

"ती होती का त्या बारा जणींत?"

"होती ना. मागं. गोड होती बिचारी. पण बारीक, उंदरासारखी."

"बाकीच्या बायका साक्ष देतील?"

"नऊ जणी गेल्या. दोघी आहेत, त्यांना आता स्वतःचं नावही आठवत नाही." अक्कांनी पदर खोचला. "वाचनालयवाले म्हणतात, हवं तर 'अनामिक गायिका' लिहू. मी म्हटलं, अनामिक असते तर चाळीस वर्षं भांडी घासली नसती."

"मग मूळ रेकॉर्ड पुन्हा लावून ऐकायची."

"तेच तर! मी म्हटलं लावा. कव्हर उघडलं तर आत भलतीच रेकॉर्ड. आमची गायब."

वहिनींनी थोडा वेळ टेबलावर बोटानं रेघ ओढली. "अक्का, तुमच्या रेकॉर्डला काही खूण?"

"चरा आहे. संपानंतर मालकाची माणसं घरात शिरली. सामान फेकलं तेव्हा इस्त्रीच्या टोकावर पडली ती. कडेपासून मधल्या कागदापर्यंत सरळ चरा. लावली की पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत टक, टक. माझी पोरं त्या टकीवर उड्या मारायची." त्या उठल्या. "शनिवारी मी तिथं जाणार. पाटी लागलीच तर हातानं उपटेन. तुम्ही काही करा नाहीतर करू नका."

त्या गेल्यावर वहिनींनी चप्पल पायात घातली. "चला भाऊजी. आपल्याला एक टर्नटेबल घ्यायचाय."

"काय? आपल्या घरात रेकॉर्ड एकसुद्धा नाही!"

"म्हणूनच सल्ला घ्यावा लागेल. माणसाला प्रश्न विचारला की तो सावध होतो. सल्ला विचारला की मोकळा होतो."

वाचनालयाची ऐकण्याची खोली मागच्या बाजूला होती. भिंतींना जाड कापड, एक लांब टेबल, एक कॉम्प्युटर. ग्रंथपाल चाळिशीचे, चष्मा सारखा पुसणारे. रेकॉर्ड हरवल्यापासून त्यांची झोप उडाली होती, हे त्यांच्या शर्टाच्या चुकीच्या बटणांवरून दिसत होतं.

"साहेब, चौकशीचं नंतर बोलू," वहिनी म्हणाल्या. "आधी सांगा, जुन्या रेकॉर्डी ऐकायच्या आणि कॉम्प्युटरात घ्यायच्या, तर यंत्र कोणतं घ्यावं?"

ग्रंथपालांचा चेहरा एकदम उजळला. "आम्ही गेल्याच महिन्यात तीन यंत्रं आठवडाभर पारखली! रेकॉर्डवाल्याच्या दुकानातून आणली होती. पहिलं पेटीवालं. स्वस्त, उचलून कुठंही न्यावं. पण त्याचा हात जड. सुई रेकॉर्डवर दाबून चालते, खाचा खरवडते. जुन्या रेकॉर्डीला ते शत्रूच. दुसरं सरकपट्टीवालं. मोटर थेट तबकडीखाली, जोरदार. कार्यक्रमांत नाचायला गाणी लावतात ना, त्यांच्यासाठी. कडेला एक पट्टी असते, ती सरकवली की वेग कमीजास्त होतो. तिसरं हे." त्यांनी टेबलावरच्या यंत्रावरचं झाकण उचललं. "पट्ट्यावर चालणारं. मोटर बाजूला, रबरी पट्टा तबकडी फिरवतो, म्हणून मोटरची घरघर सुईपर्यंत पोचत नाही. हात हलका. बटणं दोनच, तेहेतीस आणि पंचेचाळीस फेऱ्यांची. मध्ये कुठं हलायची सोय नाही. आणि कॉम्प्युटरला तार इथूनच. आम्ही हेच घेतलं."

"सरकपट्टीवालं तुम्ही वापरलंत?"

"लावून ऐकलं तिघांनी. पण पट्टीवर चिकटपट्टी मारलेली होती. आम्ही ती काढली नाही."

"तिघं कोण?"

"मी, रेकॉर्डवाला आणि मास्तर. मास्तर आमचे सल्लागार. ते नुसते ऐकायचे. यंत्रं आम्ही दोघं चालवायचो."

"अक्कांच्या रेकॉर्डची कॉपी कुणी केली?"

"रेकॉर्डवाल्यानं. त्या आठवड्यातल्या बुधवारी मी जेवून आलो तर कॉम्प्युटरवर फाइल तयार. त्याच दिवशी तो यंत्रं परत न्यायला आला होता."

"कोणत्या यंत्रावर केली, ते?"

"नाही कळत. तिन्ही यंत्रांना तार जोडलेली होती." त्यांनी चष्मा काढला. "नोंद ठेवायला हवी होती. चूक झाली."

मग त्यांनी ती भलतीच रेकॉर्ड दाखवली. अक्कांच्या करड्या कव्हरात सापडलेली. गाणं शिकणाऱ्यांच्या सरावाची, सा-रे-ग-मची. मधल्या गोल कागदावर स्वरकाट्याचं चित्र होतं, दोन पायांचा लोखंडी चिमटा असतो तसा. अशा हजारो रेकॉर्डी निघाल्या होत्या, असं ते म्हणाले.

"आता कॉपी ऐकवा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, घड्याळ काढा. टक ऐकू येईल. पहिल्या टकीला 'शून्य' म्हणा. म्हणजे 'दहा' म्हणाल तेव्हा दहा फेऱ्या पुऱ्या झालेल्या असतील."

"मी तीस वर्षं चालत्या बसमध्ये माणसं मोजली, वहिनी. टक काय चीज आहे!"

फाइल सुरू झाली. खरखर, टक. मग एक भरदार पुरुषी आवाज: "ऐका हो, ऐका. या बारा जणींच्या हातांनी तुमच्या चादरी पांढऱ्या ठेवल्या..." निवेदन जवळपास अर्धा मिनिट चाललं. मग थोडी शांतता, त्यातही टक, टक. आणि मग गाणं. बारीक, चटपटीत, मुलीसारखा आवाज: "इस्त्री तापली रे मालक, इस्त्री तापली..."

"निवेदन कुणाचं?" वहिनींनी विचारलं.

"मास्तरांचं. तरुणपणीचा आवाज. आजही तस्साच आहे. जाणकारांनीही त्यांना लगेच ओळखलं."

भाऊजींनी निवेदनात दहा फेऱ्या मोजल्या. अठरा सेकंद. गाण्यात दहा मोजल्या. पंधरा. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा मोजल्या. पंधरा. वीस मोजल्या. तीस.

"वहिनी, माझा अंगठा म्हातारा झाला बहुतेक," बाहेर आल्यावर ते ओशाळून म्हणाले. "बोलण्यात अठरा आणि गाण्यात पंधरा. दोनेक टकींचा घोळ होतोय कुठंतरी."

"लिहून ठेवा. दोन्ही आकडे."

"चुकीचा आकडापण?"

"चुकीचा कोणता, ते आधी ठरू द्या."

रेकॉर्डवाल्याचं दुकान बोळाच्या टोकाला. छतापर्यंत रेकॉर्डी, मधे जेमतेम एक माणूस वळेल एवढी जागा. तिथं दुकानदार बसला होता, जाडजूड, हसरा.

"टर्नटेबल? तुम्हाला?" त्यानं वहिनींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, पट्टेवाला घ्या. सुई चांगली घ्या. तबकडी जड असलेली बघा, जड तबकडी एका चालीनं फिरते. सरकपट्टीवाला मी तुम्हाला विकणारच नाही. घरी पोरं पट्टी हलवतात आणि मग 'तुमच्या रेकॉर्डी बिघडल्यात' म्हणून माझ्याशी भांडतात."

"म्हणून वाचनालयाला देताना चिकटपट्टी मारली होतीत?"

"बरोब्बर मधोमध, शून्यावर! पण परत आणलं तेव्हा चिकटपट्टी निघालेली होती. अर्धी लोंबत होती. कुणीतरी चाळा केला. ग्रंथपालसाहेबांनीच असेल."

"आणि अक्कांच्या रेकॉर्डची कॉपी?"

"ती पण साहेबांनीच केली. मी त्या बुधवारी यंत्रं न्यायला गेलो तेव्हा फाइल झालेली होती."

भाऊजींनी वहिनींचा दंड हलकेच दाबला. बाहेर पडताच ते फुटले. "पकडलं! एक म्हणतो त्यानं केली, दुसरा म्हणतो ह्यानं. दोघांतला एक खोटं बोलतोय. मला विचाराल तर हा जाड्या. एकुलती एक रेकॉर्ड, शौकिनाला विकायला काय वेळ लागतो?"

"विकायची असती तर रेकॉर्ड घेऊन गप्प बसला असता. गाणाऱ्या बाईचा आवाज बदलून त्याला काय मिळणार?"

"आवाज बदलला? कुणी म्हटलं बदलला म्हणून?"

"तुम्हीच. तुमच्या अंगठ्यानं." वहिनी चालू लागल्या. "आणि भाऊजी, दोघांची उत्तरं जुळत नाहीत म्हणजे एक खोटा, असं दरवेळी नसतं. एकदा तरी विचार करून बघा, दोघंही खरे असतील तर काय?"

भाऊजींनी पुढच्या चौकापर्यंत विचार करून पाहिला. काही निघालं नाही. मग त्यांनी तो नाद सोडला.

मास्तरांचा संगीतवर्ग एका शाळेच्या मागच्या खोलीत भरत असे. मास्तर पासष्टीचे, पांढरे केस मागं वळवलेले. बोलू लागले की खोली भरून जाई. फाइलमधला तोच आवाज, तोच खोलपणा, तोच तोरा. भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो होता. लहान चेहऱ्याची, लाजून कॅमेऱ्याबाहेर पाहणारी बाई.

"अक्कांनी पाठवलंय तुम्हाला," मास्तर म्हणाले. "मला त्यांचा राग नाही. वय झालं की माणूस दुसऱ्याच्या आठवणी आपल्या मानतो."

"मी टर्नटेबलबद्दल विचारायला आलेय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सल्लागार होतात म्हणे."

"हो, पण कानांपुरता. यंत्रांना मी हात लावत नाही. तसली यंत्रं तर आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली." मास्तर खुर्चीत रेलले. "तरी एक सांगतो. ते सरकपट्टीवालं घेऊ नका. पट्टी जरा मधून हलली की तो हिरवा दिवा विझतो, आणि मग वेग नेमका कुठं आहे, काही पत्ता लागत नाही. पट्टेवालं बरं. प्रामाणिक यंत्र."

"फार उपयोगी पडलं," वहिनी म्हणाल्या, आणि खरंच तसं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

भाऊजी मधल्या काळात कपाटाला टेकले होते. त्यांच्या कोपराचा धक्का लागून एक निळं कव्हर फळीवरून घसरलं. मास्तर वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं उठले आणि भरलेलं ताट धरावं तसं त्यांनी ते दोन्ही हातांनी आडवं झेललं.

"सांभाळून हो!"

"माफ करा, काही फुटलं का?"

"नाही, नाही. नुसतं कव्हर आहे. आतली रेकॉर्ड पोरांनी केव्हाच फोडली." त्यांनी ते वरच्या फळीवर, भिंतीला लावून ठेवलं. कव्हरावर स्वरकाट्याचं मोठं चित्र होतं.

"चिमट्याचं चित्र छान आहे," भाऊजी म्हणाले. आपण काहीतरी बोलायला हवं, एवढंच त्यांना वाटलं होतं.

शुक्रवारी वहिनी एकट्याच बाहेर जाऊन आल्या. शनिवारी सकाळी भाऊजी येऊन पाहतात तो टेबलावर नवा टर्नटेबल. पट्टेवाला.

"तुम्ही खरंच घेतलात!"

"मग? एवढ्या लोकांचा सल्ला वाया घालवायचा?"

पाटी दुपारी चारला लागणार होती. सकाळी दहाला मास्तरांच्या वर्गात पाच जण जमले. मास्तर, ग्रंथपाल, रेकॉर्डवाला, अक्का आणि वहिनी. सहावे भाऊजी, कारण टर्नटेबल त्यांच्याच कडेवर होता. रेकॉर्डवाल्यानं वहिनींच्या सांगण्यावरून सरकपट्टीवालं यंत्रही आणलं होतं. आपल्या वर्गात सगळ्यांना कशाला जमवलंय, हे मास्तरांनी दोनदा विचारलं.

"घेतलेलं यंत्र सल्लागारांना दाखवायला," वहिनी म्हणाल्या. "आणि एक गोष्ट सांगायला. लहान मुलांना सांगतात तशी सांगते, म्हणजे माझीही चूक व्हायची नाही.

"तेहेतीसची रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या घेते. म्हणजे तीन मिनिटांत शंभर. म्हणजे दहा फेऱ्यांना अठरा सेकंद. अक्कांच्या रेकॉर्डला कडेपासून मध्यापर्यंत एक सरळ चरा आहे. सुई दर फेरीला एकदा त्यावरून जाते आणि टक वाजते. हे घड्याळ मालकाच्या माणसांनी रेकॉर्डमध्येच कोरून ठेवलं. ते खोटं बोलू शकत नाही.

"भाऊजींनी मोजलं. मास्तरांच्या निवेदनात दहा टकींना अठरा सेकंद. चोख. गाण्यात दहा टकींना पंधरा. वीसला तीस. तेव्हा भाऊजींचा अंगठा म्हातारा झालेला नाही. गाणं जोरात पळतंय."

भाऊजींनी अंगठ्याकडं पाहिलं आणि हात हळूच खिशात घातला.

"रेकॉर्ड जोरात फिरली की काय होतं?" वहिनींनी रेकॉर्डवाल्याकडं पाहिलं.

त्यानं सरकपट्टीवाल्या यंत्रावर एक साधी रेकॉर्ड लावली, कुणा जाड आवाजाच्या गायकाची. पट्टी पुढं सरकवली. आवाज वर चढला, पातळ झाला, दहा वर्षांनी तरुण झाला. ग्रंथपालांचा चष्मा हातातच राहिला.

"यंत्रच बिघडलेलं असतं तर निवेदनही पळालं असतं," वहिनी म्हणाल्या. "ते पळालं नाही. म्हणजे निवेदन संपल्यावर कुणीतरी मुद्दाम वेग वाढवला. पेटीवाल्याला आणि पट्टेवाल्याला तशी सोयच नाही. राहिलं हे. याची चिकटपट्टी निघालेली सापडली."

"कॉम्प्युटरवर पण बदलता येतो वेग," ग्रंथपाल पुटपुटले.

"येतो. मग तो एका क्षणात बदलला असता. मी काल तुमच्याकडं येऊन पुन्हा ऐकलं ना, ते त्यासाठीच. निवेदन आणि गाण्याच्या मधल्या शांततेत तीन टकी आहेत. त्या हळूहळू एकमेकींजवळ येतात. बोटानं पट्टी ढकलल्यासारख्या."

"पण ढकलली कुणी?" रेकॉर्डवाला म्हणाला. "मी नाही!"

"मीही नाही!" ग्रंथपाल म्हणाले.

"तेच तुम्ही दोघं पहिल्यापासून सांगताय, आणि दोघंही खरं सांगताय. तुम्हाला वाटलं कॉपी यांनी केली, यांना वाटलं तुम्ही. कारण तिसरा माणूस यंत्राला हात लावत नाही, हे दोघांनीही धरून चाललं होतं." वहिनी वळल्या. "मास्तर, ही पट्टी मधून हलली की हिरवा दिवा विझतो, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

सगळ्यांनी यंत्राकडं पाहिलं. पट्टी पुढं होती आणि तिच्या शेजारचा हिरवा दिवा विझलेला होता.

"वाचनालयात तिघांनी ऐकलं तेव्हा पट्टीवर चिकटपट्टी होती. दिवा सतत जळत होता. तो विझताना एकच माणूस पाहू शकतो, ज्यानं चिकटपट्टी काढून पट्टी हलवली तो. आणि असलं यंत्र तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं."

"एवढ्यावरून?" मास्तरांचा आवाज अजून भरदार होता. "एका दिव्यावरून?"

"नाही. मी विचार केला, चोरानं पहिल्यापासूनच वेग का वाढवला नाही? ते सोपं होतं. एकदा पट्टी ढकलायची आणि बसायचं. निवेदन संपेपर्यंत थांबायचं, मग नेमक्या शांततेत हात घालायचा, ही कटकट कशासाठी? कारण निवेदन पळालं असतं तर निवेदकाचा भरदार आवाज पोरासारखा चिरका झाला असता. जाणकारांसमोर. त्याचं वाईट कुणाला वाटणार होतं? ग्रंथपालांना? रेकॉर्डवाल्याला? दुसऱ्याचा आवाज बदलताना तुम्ही मागंपुढं पाहिलं नाहीत, मास्तर. स्वतःचा मात्र तुम्ही जपलात."

अक्का उठल्या.

"माझी रेकॉर्ड कुठाय?"

"फोडली नसणार," वहिनी म्हणाल्या. "जो स्वतःचा आवाज एवढा जपतो, तो त्याची शेवटची रेकॉर्ड फोडत नाही. अक्कांच्या कव्हरात जी सापडली तिच्यावर स्वरकाट्याचं चित्र आहे. मग तिचं स्वतःचं कव्हर कुठंतरी असणारच. भाऊजी, वरची फळी. चिमट्याचं चित्र."

भाऊजी खुर्चीवर चढले. निळं कव्हर त्यांनी दोन्ही हातांनी, ताटासारखं आडवं, खाली आणलं. ते रिकामं नव्हतं. आतून काळी रेकॉर्ड निघाली. कडेपासून मध्यापर्यंत सरळ, पांढरा चरा.

मास्तर एकदम म्हातारे दिसू लागले. "तिनं आयुष्यभर काही मागितलं नाही," ते फोटोकडं न बघता म्हणाले. "शेवटी शेवटी म्हणायची, आपलं नाव कुठंच राहणार नाही ना? मला वाटलं... अक्का, आठवण असलेल्या तुम्ही एकट्याच उरलात. तुमचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. पाटीवर दोघींची नावं घालू. दोघींची मुख्य म्हणून."

"नाही," अक्का म्हणाल्या.

"अक्का, ती गेलीय."

"माझी नोकरी गेली तेव्हा ती जिवंत होती. तुम्हीपण होतात. 'हा आवाज आम्हा सगळ्यांचा आहे' म्हणत दोघांतलं कुणी आलं नाही मालकापुढं. तेव्हा आवाज माझा एकटीचा होता. आजपण आहे." त्यांनी भाऊजींकडं हात केला. "लावा हो ती."

भाऊजींनी नव्या यंत्रावर रेकॉर्ड ठेवली. तेहेतीसचं बटण दाबलं. सुई टेकली. खरखर, टक. मास्तरांचा तरुण आवाज बोलून गेला. शांतता, टक, टक. आणि मग खोलीभर तो आवाज उतरला, घोगरा, रुंद, वाफेसारखा तापलेला: "इस्त्री तापली रे मालक, इस्त्री तापली." मागून अकरा जणींनी ओळ उचलली. तेवढ्यात खुर्चीजवळूनही तोच आवाज उठला, चाळीस वर्षांनी अधिक खरखरीत, पण त्याच पट्टीत, तसूभरही न हलता. अक्का डोळे उघडे ठेवून, मास्तरांकडं बघत गात होत्या.

गाणं संपल्यावर ग्रंथपालांनी वही काढली. "पाटी आजच बदलतो, अक्का. नाव सांगा."

"बारा नावं लिहा. पहिलं माझं, मोठ्या अक्षरात. मग अकरा, उभ्या होत्या त्या क्रमानं. वाफेवाली. बटणवाली. दोघी बहिणी, त्यांची वेगवेगळी लिहा, एकीत उरकू नका." त्यांनी भिंतीकडं बोट केलं. "पाचवी ही. फोटोतली. ती तिथं उभी होती, तिथंच तिचं नाव लागेल. कमी नाही आणि जास्त नाही."

मास्तरांनी तोंड हातांत लपवलं.

"आणि कॉपी नव्यानं करतो, या पट्टेवाल्यावर," ग्रंथपाल घाईघाईनं लिहीत म्हणाले. "कॉम्प्युटरवर ती टकटकही पुसता येते. अगदी स्वच्छ होईल."

"हात लावाल तर खबरदार!" अक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की रेकॉर्डवाला दचकला. "ती त्यांनी केलीय. त्यांच्या माणसांनी. माझ्या गाण्याबरोबर तीपण ऐकू दे लोकांना, दर फेरीला एकदा."

भाऊजींनी सुई उचलली आणि पुन्हा कडेला ठेवली. या वेळी त्यांनी घड्याळ काढलं नाही.